विजेच्या बिलात न दिसणारी खाडी

विजेचे बिल हाती आले की आपली नजर प्रथम शेवटच्या आकड्यावर जाते. किती युनिट वापरले, दर काय लागला, अधिभार किती पडला, हे त्यावर तपशीलवार छापलेले असते. तमिळनाडूत २०१६ पासून घरगुती ग्राहकाला दर दोन महिन्यांना पहिली शंभर युनिट वीज विनामूल्य मिळू लागली. त्यामुळे चेन्नईतील एखाद्या लहान कुटुंबाच्या बिलावर शून्यही दिसू शकते. गरिबाच्या घरात दिवा लागला, पंखा फिरला, याचा आनंदच मानला पाहिजे. तथापि वीज फुकट मिळणे आणि वीज फुकट तयार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिलावर जिचा उल्लेखही नसतो अशी एक रक्कम कोणीतरी, कोठेतरी भरीत असतो. चेन्नईच्या बाबतीत ती रक्कम गेली अनेक दशके एन्नोरची खाडी आणि तिच्या काठावरचे मच्छीमार भरीत आले आहेत. तिची नोंद न करता विजेचा भाव ठरविणे म्हणजे खोटा हिशेब मांडणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

एन्नोर हे चेन्नईच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर आहे. कोसस्थलैयार नदी तेथे बंगालच्या उपसागराला मिळते. उत्तरेकडे पुलिकतचे विस्तीर्ण खारे सरोवर आहे आणि इंग्रजी अमदानीत खोदलेला बकिंगहॅम कालवा या दोहोंना जोडतो. नदीचे गोडे पाणी, समुद्राचे खारे पाणी, भरती-ओहोटीने भिजणारी चिखलाची मैदाने आणि मिठागरे यांचे हे जाळे आहे. अतिवृष्टीच्या दिवसांत शहराकडे येणारे पुराचे पाणी सामावून घेण्याचे कामही हीच भूमी करते. काठावर काट्टुकुप्पम, मुगत्वारकुप्पम अशी गावे आहेत. तमिळमध्ये ‘कुप्पम’ म्हणजे मच्छीमारांची वस्ती; आपल्याकडे ज्याला कोळीवाडा म्हणतात तेच. या वस्त्यांबरोबर इरुळर नावाचा आदिवासी समाजही या पाण्यावर जगतो. उथळ पाण्यात उतरून, चिखल चाचपून, नुसत्या हातांनी कोळंबी पकडण्याचे त्यांचे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. ज्याची उपजीविका अशी तळाच्या चिखलावर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने चिखलाचा पोत बदलणे म्हणजे शेतकऱ्याची जमीन नापीक होणे होय.

खाडीचे महत्त्व कळण्यासाठी माशांचा प्रवास समजून घ्यावा लागतो. रायगड जिल्ह्यातील वाचकांना जिताड्याची ओळख करून देण्याची गरज नाही. पेण-अलिबागच्या खारजमिनींतील तळ्यांत वाढवलेला जिताडा पाहुण्याच्या पानात पडला म्हणजे यजमानाने काही राखून ठेवले नाही, असे समजावे. (साहेबांकडचे अडलेले काम जिताड्याने मोकळे होते, अशीही त्या भागात ख्याती आहे, त्यात अतिशयोक्ती किती, हे साहेबांनाच ठाऊक.) हाच मासा चेन्नईला ‘कोडुवा’ या नावाने ओळखला जातो. हा वाढतो खाडीत आणि नदीच्या मुखाजवळच्या गोड्या-खाऱ्या पाण्यात. अंडी घालण्यासाठी मात्र त्याला समुद्राच्या खाऱ्या पाण्याकडे जावे लागते. पिल्ले पुन्हा भरतीबरोबर खाडीत शिरतात. यातील आणखी एक नवल असे की, बहुतेक जिताडे आरंभी नर असतात आणि वाढत्या वयात मादी होतात. म्हणजे खाडीत वाढून मोठा झालेला मासा समुद्रापर्यंत पोहोचला नाही, तर पुढच्या पिढीची आईच नाहीशी होते. चेन्नई येथे निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यपालनाचे संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे. तिने १९९७ साली भारतात प्रथमच या माशाची बंदिस्त पैदास करून दाखविली. हे यश मोठे आहे, परंतु टाकीत जन्मलेल्या पिल्लालाही शेवटी स्वच्छ पाणी हवेच. बोय मासा समुद्रात जन्मून खाडीत वाढतो. कोळंबीचेही तसेच आहे. तिची सुईएवढी पिल्ले समुद्रातून खाडीत येतात, तेथील चिखलात वाढतात आणि मोठी होऊन परततात. म्हणून खाडी बिघडली की तिच्यातील मासळी घटतेच, शिवाय बाहेरच्या समुद्रात जाळे टाकणाऱ्यालाही त्याची झळ पोहोचते.

आता या पाण्याच्या कडेला काय उभे राहिले ते पाहू. एन्नोर औष्णिक विद्युत केंद्र १९७० साली सुरू झाले आणि मार्च २०१७ मध्ये बंद झाले. दरम्यान १९९० च्या दशकात उत्तर चेन्नई औष्णिक केंद्राचा पहिला टप्पा उभा राहिला, पुढे दुसरा आला आणि २०२४ मध्ये ८०० मेगावॅटच्या तिसऱ्या टप्प्याचे उद्‌घाटन झाले. शेजारीच वल्लूर येथे १,५०० मेगावॅटचे आणखी एक केंद्र आहे. जवळच २००१ मध्ये सुरू झालेले बंदर आहे. खाडीच्या परिसरात कोळशावर चालणाऱ्या केंद्रांची क्षमता अशा रीतीने ४,००० मेगावॅटच्या वर गेली आहे.

कोळशाची वीज म्हणजे मुख्यतः राखेचा प्रश्न. आपल्या देशातील कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः तीस ते चाळीस टक्के असते. एक युनिट वीज तयार करण्यास सुमारे सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे प्रत्येक युनिटमागे दोनशे ग्रॅमच्या आसपास राख उरते. हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण १,००० मेगावॅटचे केंद्र दिवसभर पूर्ण क्षमतेने चालले तर ते २ कोटी ४० लाख युनिट वीज देते, आणि त्याबरोबर सुमारे पाच हजार टन राख. एका दिवसाची! या राखेपासून सिमेंट आणि विटा होतात आणि राख पूर्णपणे वापरली जावी यासाठी केंद्र सरकारने १९९९ पासून वेळोवेळी अधिसूचना काढल्या आहेत. तरीही उरलेली राख पाण्यात कालवून मोठ्या नळांनी दूरच्या तलावात नेऊन टाकण्याची पद्धत चालू राहिली. एन्नोरला हे नळ खाडी ओलांडून जातात. नळ जुने झाले, गळू लागले आणि राखाडी गाळ वर्षानुवर्षे पाण्यात उतरत राहिला. खाडीचा तळ वर आला, होड्या जेथे सहज तरंगत तेथे रुतू लागल्या. राखेत शिसे, आर्सेनिक, पारा यांसारखे विषारी घटक अल्प प्रमाणात असतात. चिखलात राहणाऱ्या जीवांच्या शरीरात ते साठत जातात. केंद्रे थंड करण्यासाठी वापरलेले गरम पाणी पुन्हा बाहेर सोडले जाते, त्याचा त्रास वेगळाच. डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग चक्रीवादळाच्या पुराबरोबर मणलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या बाजूचे तेल खाडीत आले. तेव्हा होड्या, जाळी आणि कांदळवन सारेच काळवंडले, आणि सारा देश काही दिवस एन्नोरकडे पाहू लागला. राखेचे तसे नसते. ती हळूहळू साचते, म्हणून तिची बातमी होत नाही.

काठावरचे लोक या काळात गप्प बसले नाहीत. त्यांच्या चळवळीची एक गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला विशेष विचार करायला लावणारी आहे. तमिळमध्ये ‘पोरंबोक’ असा एक शब्द आहे. सारा आकारणीतून वगळलेली, कोणा एकाच्या मालकीची नसलेली, सर्वांच्या उपयोगाची जमीन, असा त्याचा मूळ अर्थ. आपल्या ‘गायरान’ या शब्दाच्या जवळचा. तळी, ओढे, कुरणे, खाडीची दलदल हे सारे पोरंबोक. काळाच्या ओघात मात्र हा शब्द शिवी बनला. निरुपयोगी, टाकाऊ माणसाला पोरंबोक म्हणू लागले. ज्या जमिनीपासून कर मिळत नाही ती टाकाऊ, ही समजूत आधी सरकारी दफ्तरात रुजली आणि तेथून लोकांच्या तोंडी आली, असे मला वाटते. २०१७ च्या आरंभी कर्नाटक संगीताचे प्रसिद्ध गायक टी. एम. कृष्णा यांनी एन्नोरच्या काठी, राखेच्या आणि धुराड्यांच्या पार्श्वभूमीवर ‘चेन्नई पोरंबोक पाडल’ हे गीत गाऊन तो शब्द पुन्हा मानाने उच्चारला. सभागृहातील शास्त्रीय संगीत चिखलात आणल्याबद्दल काहींनी नाके मुरडली असतील. गाणे मात्र दूरवर पोहोचले.

त्याच वर्षी नकाशाचा वाद पुढे आला. किनारपट्टीच्या संरक्षणासाठी १९९६ साली मंजूर झालेल्या नकाशात ही खाडी संरक्षित म्हणून दाखविलेली होती. पुढे माहितीच्या अधिकारात मिळालेल्या दुसऱ्या एका नकाशात ती दिसतच नाही, असे कार्यकर्त्यांनी दाखवून दिले. जिवंत पाण्याचा प्रवाह कागदावरून पुसता येतो, हे वाचून हसावे की रडावे ते कळत नाही. राखेविरुद्धचा दावा राष्ट्रीय हरित लवादाच्या चेन्नई येथील दक्षिण खंडपीठापुढे चालला. जुलै २०२२ मध्ये खंडपीठाने राज्याच्या वीज महामंडळाला या प्रदूषणाबद्दल जबाबदार धरले आणि खाडी पूर्ववत करण्याच्या दृष्टीने आदेश दिले. योगायोग असा की, त्याच महिन्यात नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा अतिवृष्टीत फुटला. राख शेतांत पसरली आणि कोलार व कन्हान या नद्यांपर्यंत गेली. कन्हानचे पाणी नागपूरकर पितात. एन्नोर आपल्यापासून फार दूर नाही, हे सांगण्यास एवढा दाखला पुरे.

यावर एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘मग काय अंधारात राहायचे?’ हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. रात्रीच्या वर्गाला जाणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याला दिवा हवा, शिवणयंत्र चालविणाऱ्या बाईला मोटार हवी, चेन्नईच्या उकाड्यात पत्र्याच्या खोलीत झोपणाऱ्या मुलाला पंखा हवा. एन्नोरच्या मच्छीमारांनाही बर्फासाठी वीज लागतेच. विजेला विरोध करणे हा कोणाच्याही मागणीचा भाग नाही. खरा दोष प्रश्नाच्या मांडणीत आहे. एका पारड्यात वीज आणि दुसऱ्या पारड्यात मासा ठेवून ‘यांतले एक निवडा’ असे म्हटले, की मासा नेहमीच हरतो. ज्याचे मत मोजले जात नाही तो हरणारच.

अमेरिकेच्या वायव्य भागात हीच मांडणी बदलण्याचा एक दीर्घ प्रयत्न झाला. तेथील कोलंबिया नदीत सॅमन नावाचा मासा असतो. आपल्या बाजारात रावसालाच ‘इंडियन सॅमन’ म्हणून विकतात. नात्याने मात्र तो सॅमन नव्हे. खऱ्या सॅमनचा प्रवास जिताड्याच्या उलट. तो समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध पोहत नदीच्या उगमाकडे जातो. विसाव्या शतकात कोलंबियावर वीजनिर्मितीसाठी एकामागून एक प्रचंड धरणे झाली. १९४२ साली पूर्ण झालेल्या ग्रँड कूली धरणाला तर माशांना चढून जाण्यासाठी वाटच ठेवलेली नव्हती, त्यामुळे वरच्या शेकडो मैलांच्या प्रवाहाची दारे सॅमनला कायमची बंद झाली. तेथील आदिवासी जमातींशी १८५५ मध्ये झालेल्या तहांत मासेमारीचा हक्क मान्य केलेला होता. हक्क कागदावर राहिला आणि नदीतील मासा घटत गेला.

पुढे १९८० साली अमेरिकेच्या संसदेने या प्रदेशासाठी एक कायदा केला. वॉशिंग्टन, ऑरेगन, आयडाहो आणि माँटाना या चार राज्यांची एक परिषद स्थापून, वीज आणि मासे या दोहोंचे नियोजन तिच्याकडे सोपविले. या कायद्यातील एक कलम मला फार अर्थपूर्ण वाटते. नवी वीज हवी असेल तर प्रथम बचतीतून मिळवावी, त्यानंतर सूर्य-वारा यांसारख्या अक्षय साधनांतून, आणि इतर मार्ग त्यापुढे, असा क्रम त्यात घालून दिला आहे. वाचविलेली वीज म्हणजे जणू एक वीजकेंद्रच, ही कल्पना कायद्यात आली. आज त्या प्रदेशात जलविद्युतेच्या खालोखाल सर्वांत मोठे साधन म्हणून बचतच गणली जाते. स्वच्छ वीज, काटकसर आणि सॅमनचे पुनरुज्जीवन या तीन मागण्या तेथील लोकसंघटना एकत्र मांडतात, त्याचे कारण हेच. सगळे सुरळीत झाले, असे मात्र नाही. जंगली सॅमन अजून पूर्वपदावर आलेला नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकार, राज्ये आणि आदिवासी जमाती यांच्यात झालेला समझोता २०२५ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी मोडीत काढला. परंतु त्याच किनाऱ्यावरील क्लॅमथ नदीवरची चार जुनी धरणे २०२४ मध्ये पाडून झाली आणि काही आठवड्यांतच, शंभराहून अधिक वर्षे बंद असलेल्या प्रवाहात सॅमन वर चढताना दिसले. माशाला वाट मोकळी करून दिली की तो तिचा उपयोग करतो.

आपल्याकडे बचतीला कायद्याचे अधिष्ठान नाही असे नव्हे. २००१ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा झाला, २००६ पासून उपकरणांवर तारांकित पट्ट्या आल्या. २०१५ मध्ये सुरू झालेल्या योजनेतून देशभर छत्तीस कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. साठ वॅटच्या पिवळ्या बल्बचे काम नऊ वॅटचा दिवा करू लागला. पंख्याचेच पाहा. जुना पंखा पंचाहत्तर वॅट खातो, नव्या पद्धतीचा तीस वॅटच्या आसपास. चेन्नईत पंखा दिवसाला बारा तास आणि वर्षातून तीनशे दिवस फिरतो असे धरले, तर एका पंख्यामागे वर्षाला एकशे साठ युनिट वाचतात. वर सांगितलेल्या हिशेबाने तेवढ्यात तीस-पस्तीस किलो राख तयारच होत नाही. एका पोत्याएवढी राख, एका पंख्यामागे! मात्र नवा पंखा महाग आहे, आणि ज्या घरात शंभर युनिट फुकट आहेत त्या घराने तो स्वतःच्या खिशातून का घ्यावा? ही अपेक्षा गरिबाकडून करणे मला योग्य वाटत नाही. दिव्यांची जशी योजना झाली तशी पंख्यांची, आणि शेतीपंपांचीही, व्यापक प्रमाणावर झाली पाहिजे. नव्या केंद्राला जे हजारो कोटी लागतात त्यांतील काही भाग या कामी वळविणे हा मला उपकार वाटत नाही. तो सरळ व्यवहार आहे.

वाऱ्याच्या बाबतीत तमिळनाडू भाग्यवान आहे. मे ते सप्टेंबर या काळात सह्याद्रीच्या खिंडींतून येणारा वारा कन्याकुमारी जिल्ह्यातील मुप्पंडलजवळच्या पवनचक्क्यांना वेगाने फिरवितो. राज्याची पवनऊर्जेची क्षमता १०,००० मेगावॅटच्या वर गेली आहे आणि या बाबतीत ते देशातील अग्रगण्य राज्यांपैकी एक आहे. रामनाथपुरम जिल्ह्यातील कमुती येथे २०१६ पासून ६४८ मेगावॅटचा सौर प्रकल्प चालू आहे. अडचण अशी की वारा सरकारी वेळापत्रक पाळीत नाही. मागणी नसताना तो जोरात वाहतो, तेव्हा चांगल्या पवनचक्क्याही थांबवून ठेवाव्या लागल्याचे प्रसंग घडले आहेत. त्यासाठी साठवणीची सोय हवी. आपल्या घाटघर येथील प्रकल्पात २००८ पासून रिकाम्या वेळेची वीज वापरून पाणी वरच्या तलावात चढविले जाते आणि गरजेच्या वेळी तेच खाली सोडून वीज करतात; अशी साधने वाढवावी लागतील. स्वच्छ विजेच्या नावाखाली गावाचे गायरान परस्पर देऊन टाकले, तर तेही मला मान्य नाही. पोरंबोक कोळशासाठी गेले काय किंवा सौर पट्ट्यांसाठी गेले काय, चरणाऱ्या जनावराला फरक पडत नाही.

बंद पडलेल्या जुन्या एन्नोर केंद्राच्या जागी ६६० मेगावॅटचे नवे कोळसा केंद्र उभारण्याचा प्रस्ताव मांडला गेला आहे. तळातील जुनी राख पुरती निघण्यापूर्वीच नव्या राखेची तजवीज होऊ नये, असे मला वाटते. असे प्रस्ताव केवळ चेन्नईत येतात असे नाही. चंद्रपूर, नागपूर, रायगड, रत्नागिरी कोठेही येऊ शकतात. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे अशा मोठ्या प्रकल्पांसाठी सामान्यतः जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान तीस दिवस आधी वृत्तपत्रांत द्यावी लागते आणि प्रकल्पाच्या अहवालाचा गोषवारा स्थानिक भाषेत उपलब्ध ठेवावा लागतो. म्हणजे महाराष्ट्रात तो मराठीत मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. त्याची भाषा बोजड असते, पण दोन-तीनदा वाचल्यावर उमगते. राख कोठे साठविणार, तिचे नळ कोणत्या ओढ्यावरून जाणार, गरम पाणी कोठे सोडणार, तेथे आज कोण मासे धरतो, आणि एवढीच वीज पंखे व पंप बदलून किती मिळाली असती, हे प्रश्न त्या सभेत तोंडी विचारता येतात, लेखीही देता येतात. सभेच्या अखेरीस कामकाजाचे इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखविण्याची तरतूद आहे. आपला प्रश्न त्यात आला की नाही, ते उठण्यापूर्वी ऐकून घ्यावे.